'बॅनॉकबर्न': कालव्याच्या मापाचं जहाज
अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्समध्ये एकेकाळी जहाजाचं माप कालवा ठरवायचा. नायगारा धबधबा टाळून जाणाऱ्या वेलंड कालव्यातले लॉक, म्हणजे जहाज वर-खाली करणारे पाण्याचे कप्पे, 270 फूट लांब होते. त्यामुळे 1893 मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेलं पोलादी 'बॅनॉकबर्न' 245 फुटांचंच होतं.

1897 मध्ये ते आधी खडकांवर चढलं, मग याच कालव्याच्या भिंतीला धडकून बुडालं. दोन्ही वेळा दुरुस्त करून पुन्हा कामाला जुंपलं.

21 नोव्हेंबर 1902 ला, वादळांच्या मोसमात, सुमारे 2,300 टन गहू घेऊन ते पोर्ट आर्थरहून निघालं. त्या दिवशी दुसऱ्या जहाजाच्या कप्तानाला ते दिसलं, थोड्याच वेळात दिसेनासं झालं. त्यावरचे वीसएक खलाशी परतले नाहीत. 'भुताचं जहाज' ही ख्याती मात्र टिकली.