वस्तु आधीं, शब्द मागून

मुलांना नवा शब्द कसा शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं साधा वाटतो. फळ्यावर शब्द लिहावा, शेजारीं त्याचा अर्थ लिहावा आणि सबंध वर्गाकडून तो घोकून घ्यावा, ही रीत महाराष्ट्रांतील शाळांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. पंतोजींच्या काळीं पाठांतर होतेंच. छापील क्रमिक पुस्तकें आलीं तेव्हां त्यांत शब्दार्थांच्या पाठांतराची भर पडली. १८३१ सालीं मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला व १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. तें कार्य खरोखर थोर होय. परंतु कोश शब्दाला शब्दानेंच उत्तर देतो. सहा वर्षांच्या मुलाला मुळांत वस्तूच ठाऊक नसेल, तर एका अनोळखी शब्दाच्या जागीं दोन अनोळखी शब्द त्याच्या माथीं बसतात, इतकेंच.

उलट, भाईंदर-उत्तनच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला भरती, ओहोटी, उधाण, खाजण हे शब्द शाळेनें शिकवावे लागत नाहींत. चिखलांत गुडघाभर पाय रुतला म्हणजे खाजण समजतें. घराबाहेरचें हें शिक्षण शाळेच्या उंबरठ्यावर कां थांबावें, या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं शोधलें, तीं माणसें ह्याच रेल्वेमार्गानें उत्तरेस गेलें असतां घोलवडजवळ बोर्डी गांवीं भेटतात. पालघर जिल्हा २०१४ सालीं निराळा होईपर्यंत भाईंदर आणि बोर्डी हीं दोन्ही ठाणें जिल्ह्यांतलींच.

ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरास बालशिक्षणाचें काम केलें होतें, आणि १९४५ सालीं त्यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात; कोणाला धाकटें भावंड सांभाळावयाचें, कोणाला गुरें राखावयाचीं. तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. माँटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोम येथें आरंभिलेल्या बालगृहांतील महागडीं साधनें खेड्यांत कोठून आणावयाचीं? बिया, पानें, शिंपले, खडे हींच साधनें झालीं.

माँटेसोरीबाईंचा नांवें शिकविण्याचा पाठ तीन पायऱ्यांचा आहे. त्याची मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकांतील सेगँ या फ्रेंच वैद्याची. मुलाच्या हातीं पान देऊन म्हणावयाचें, “हें पळसाचें पान.” मग चार पानें मांडून, “पळसाचें कोणतें, दाखीव.” आणि सर्वांच्या शेवटीं, “हें काय?” मधल्या पायरीवर सर्वांत अधिक वेळ घालवावयाचा असतो, कारण तेथें मुलाला बोलावें लागत नाहीं, तें ओळखतें, उचलतें, देतें, आणि तोंवर शब्द त्याच्या कानांत मुरतो. चूक झालीच तर रागवावयाचें नाहीं. पाठ तेथेंच मिटवून दुसऱ्या दिवशीं पुन्हां घ्यावयाचा. बहुतेक वर्गांत मात्र मास्तर एकदम तिसऱ्या पायरीवर उभे राहून प्रश्न विचारतात, आणि मूल गप्प राहिलें म्हणजे त्याला मठ्ठ ठरवितात!

१९५७ सालीं हें काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. येथें मुलें वारल्यांचीं. गुरांमागें जाणाऱ्यांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. येथें आणखी एक अडचण होती. वारली मुलाला झाडाचें नांव येतें, परंतु तें पुस्तकांतलें नसतें. घरच्या शब्दाला अशुद्ध म्हणून खोडून टाकलें, तर मूल नवा शब्द तर शिकत नाहींच, वर जुना बोलावयासही लाजतें. घरचा शब्द मान्य करून त्याच्या शेजारीं पुस्तकी शब्द ठेवला, तर मुलाजवळ दोन शब्द होतात. वस्तु एकच असल्यामुळें त्यांचा गोंधळ होत नाहीं.

१९७५ सालीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव देण्यांत आलें. आज भाईंदरच्या वस्त्यांतही अंगणवाड्या भरतात.