सर्व्हेमध्ये लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख कशी विचारावी?

कॉलेज प्रोजेक्ट किंवा एखाद्या संस्थेच्या सर्व्हेची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखी येत असते. नाव, वय आणि मग ‘लिंग : पुरुष / स्त्री / इतर’. बहुतेक जण दोन सेकंदांत टिक करून पुढे जातात. पण काही जण तिथेच अडतात. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. तरी ‘घरी कळलं तर?’ ही भीती कायम आहे. म्हणून हा प्रश्न नीट विचारायला हवा.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत

- लिंगभाव ओळख : मी स्वतःला कोण मानतो/मानते? (स्त्री, पुरुष, ट्रान्सजेंडर, यापैकी कोणीही नाही)
- लैंगिक कल : मला कोणाबद्दल आकर्षण वाटतं? (भिन्नलिंगी, समलैंगिक, उभयलैंगिक, कोणाबद्दलच नाही)

ट्रान्सजेंडर व्यक्तीचा लैंगिक कल कोणताही असू शकतो. त्यामुळे ‘गे’ आणि ‘ट्रान्सजेंडर’ हे एकाच यादीतले पर्याय ठेवू नका.

उत्तर कोण देतंय?

भारताच्या २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या गटात सुमारे ४.८८ लाख लोक नोंदले गेले. पण जनगणनेत घरातली एक व्यक्ती सगळ्यांची माहिती सांगते. घरच्यांना न सांगितलेली ओळख त्या आकड्यात येणार कशी?

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत हे दोन्ही प्रश्न होते. ते फक्त १६ वर्षांवरील लोकांसाठी होते आणि ऐच्छिक होते. घरच्यांना न कळता स्वतंत्र फॉर्म भरायचीही सोय होती. तरी एक अडचण आलीच. इंग्रजी कमी येणाऱ्या काहींना लिंगभावाच्या प्रश्नाची वाक्यरचना समजली नसावी, असं नंतर तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेच मान्य केलं. म्हणून मराठीत फॉर्म करताना शब्दशः भाषांतर नको. आधी चार-पाच जणांना प्रश्न वाचायला द्या आणि त्यांना काय समजलं ते विचारा.

फॉर्म बनवताना

१. या माहितीची खरंच गरज आहे का? नसेल तर प्रश्नच काढा.
२. प्रश्न का विचारताय, ते एका ओळीत लिहा.
३. ‘अजून ठरलेलं नाही’, ‘सांगायचं नाही’ आणि स्वतःच्या शब्दांत लिहायची जागा द्या. प्रश्न सक्तीचा करू नका.
४. गुगल फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवा.
५. नाव नसलं तरी गाव, वर्ग आणि वय एकत्र आलं की माणूस ओळखू येतो. ४० जणांच्या वर्गात एकच ‘इतर’ असेल तर तो आकडा वेगळा छापू नका.
६. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती ‘मूल’ धरली जाते आणि तिचा वैयक्तिक डेटा वापरायला पालकांची संमती लागते. म्हणजे पालकांना सर्व्हेबद्दल कळणार. मुलांसाठी फॉर्म करण्याआधी शिक्षक किंवा समुपदेशकांशी बोला.

फॉर्म भरताना

- फॉर्मच्या वर तुमचा ईमेल नोंदवला जाईल असं लिहिलंय का, ते आधी बघा. तसं असेल तर तो फॉर्म निनावी नाही.
- गुगल अकाउंट लॉगिन असेल तर अर्धवट भरलेला फॉर्म ३० दिवस ड्राफ्ट म्हणून राहतो. घरातला फोन सगळे वापरत असतील तर लॉगिन न करता, इन्कॉग्निटोमध्ये भरा.
- उत्तरांची कॉपी ईमेलवर मागवू नका.
- शंका वाटली तर तो प्रश्न सोडून द्या. त्यात काहीच चूक नाही.

सर्व्हेवाल्याला एक आकडा कमी मिळाला तर फार बिघडत नाही. पण भरणाऱ्याची ओळख फुटली, तर ती परत झाकता येत नाही.