घाटावरचे चाक, घाटाखालचे चाक

टायर जितका रुंद तितकी पकड जास्त, असा समज आज पिकअप घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात पक्का बसला आहे. अरुंद टायर म्हणजे स्वस्तातली तडजोड, असेही त्याबरोबर गृहीत धरले जाते. बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा समज तपासून घेण्यासाठी कुठल्या जाहिरातीची गरज नाही. रबर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या सुतार-लोहारांनी आणि गाडीवानांनी हाच प्रश्न लाकूड आणि लोखंड हाताशी घेऊन सोडवला होता. चाकाची रुंदी जमिनीखाली काय आहे आणि वर्षातले कोणते दिवस चालू आहेत यावर ठरते, असे त्यांचे उत्तर होते. त्या उत्तराला अडाणीपणाचे लेबल लावले गेले. माझ्या मते ते लेबल चुकीचे होते आणि आजही ते पुसले गेलेले नाही.

या जिल्ह्याचे दोन भाग शाळकरी मुलालाही ठाऊक असतात: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके घाटावरचे. राजूरचा किंवा बोथ्याचा घाट उतरला की मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पूर्णा नदीपलीकडचे जळगाव जामोद, संग्रामपूर. वरच्या भागात पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीचा थर पातळ. थोडे खणले की मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र नदीने आणून टाकलेला गाळ इतका खोल आहे की विहीर खणणाऱ्यालाही लवकर कठीण थर भेटत नाही. त्यातला बराच भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या जमिनीचा. दोन्हीकडची माती दिसायला काळीच आणि पाणी लागले की फुगणारी, उन्हात आक्रसून भेगाळणारी. तरी चाकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जमिनी आहेत. वरचा चिखल कापून चाक खालच्या मुरुमावर टेकू शकते. खालच्या चिखलाला तळच नाही.

बैलगाडी आज आपल्याला अनादी वाटते, पण दूरवर माल वाहण्यासाठी ती या मुलखात फारशी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वऱ्हाडचा कापूस बाहेर जाई तो मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर. दख्खनमधली जुनी गाडी भरीव चाकांची, अवजड, अनेक बैल ओढत तेव्हा हलणारी. १८३० च्या दशकात गेसफर्ड नावाच्या तोफखान्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्यांचा कारखाना काढला. अशा गाड्या हळूहळू दख्खनभर रूढ झाल्या. हे चाक उंच आणि अरुंद होते. बाभळीचे आरे नि पुठ्ठे, मध्ये तुंबा आणि वर लोखंडी धाव. उंची पुरुषाच्या छातीपर्यंत, पण जमिनीला टेकणारी पट्टी जेमतेम दीड-दोन इंचांची. धाव शेणाच्या गोवऱ्यांत लाल करून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, हे काम गावातच होई. धावेची रुंदी दुप्पट करायची तर लोखंड दुप्पट विकत घ्यावे लागे, पुठ्ठे जाड करावे लागत आणि तो सगळा भार बैलांच्या खांद्यावर येई. शिवाय रुंद लोखंडी पट्टी खडकाळ वाटेवर पूर्ण टेकतच नाही. ती एका कडेवर चालते, म्हणजे रुंदीचा खर्च करूनही टेकणारी जागा अरुंदच राहते. घाटावरच्या गाडीवानाला याहून वेगळे चाक मागायचे काही कारण नव्हते.

इथे एक रास्त शंका येते. घाटावर अरुंद चाक शोभते हे मान्य केले, तरी घाटाखालच्या अथांग काळीत तेच चाक का चालत राहिले? हा परंपरेचा हट्ट नव्हता का? याचे उत्तर कापसाच्या पंचांगात आहे. वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि माल बाजाराला निघतो तो पुढच्या कोरड्या महिन्यांत. तेव्हा हीच काळी विटेसारखी घट्ट झालेली असते आणि तिच्यावर अरुंद धाव जवळजवळ रुतत नाही. पावसाळ्यात गाडी रुंद चाकाचीही चालली नसती. म्हणून ती उभीच राही आणि माणसे, जनावरे पायी जात. चाक वर्षातल्या कामाच्या महिन्यांसाठी निवडले होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाला जो भाव आला, त्याने खामगाव वऱ्हाडातली मोठी बाजारपेठ झाली, आणि ती झाली या अरुंद चाकांवरच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नागपूरपर्यंतची वाट १८६७ मध्ये पुरी झाली, पण ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी गेली आणि खामगाव बाजूला राहिले. मग १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा अवघ्या १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. घाटावरच्या मालाला मात्र पुढेही गाडीशिवाय दुसरा आधार मिळाला नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शतकाहून जुनी आहे आणि तो मार्ग अजून झालेला नाही.

अरुंद चाकावरचा खरा आरोप शेतातून आलेला नाही, तो सडकेवरून आला. खडी दाबून केलेल्या रस्त्यावर लोखंडी धाव सुरीसारखी चालते, खडीचा चुरा करते आणि चाकोऱ्या पाडते, ही रस्ते बांधणाऱ्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. एक टन भार दोन बोटे रुंद पट्टीवर आला की खडी फुटणारच. इंग्लंडने याच कारणासाठी १७५३ मध्ये कायदा करून जड मालगाड्यांना ९ इंच रुंदीची चाके लावायला भाग पाडले होते. वाहतूकदारांनी त्यावर वरून रुंद पण प्रत्यक्षात थोड्याच भागावर टेकणारी, शंकूसारखी चाके काढली आणि रस्ते खराब होतच राहिले. आपल्याकडच्या आरोपातही एक गोष्ट सोयीने विसरली गेली. गाडीच्या प्रवासातला सडकेचा तुकडा बहुधा लहान असे. बाकीची वाट शेत, नाला, पांदण यांची. रस्त्याचे नुकसान सरकारी हिशोबात दिसे, पण रुंद चाकाने बैलांचे जे नुकसान झाले असते त्याची नोंद कुठल्याच वहीत झाली नसती. एकाच्या सोयीचे चाक दुसऱ्याच्या माथी मारायचे आणि त्याला सुधारणा म्हणायचे, हे मला मान्य नाही.

याहून वजनदार आक्षेप रबराचा आहे. हवेच्या टायरची बैलगाडी आली आणि तीच बैलजोडी जास्त माल ओढू लागली. टायर धावेपेक्षा कितीतरी रुंद होता. मग रुंदीच जिंकली असे का म्हणू नये? कारण जिंकली ती हवा. लोखंड दबत नाही, टायर दबतो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. म्हणून भार तोच आणि हवा तीच असेल तर अरुंद आणि रुंद टायरची टेकणारी जागा जवळजवळ सारखीच भरते, फरक पडतो तो आकारात. उंच, अरुंद टायरची जागा लांबट होते, बुटक्या रुंद टायरची आडवी. चिखलात पुढे जाताना चाकाला समोरचा चिखल ढकलावा लागतो. आडवी जागा जास्त चिखल ढकलते, लांबट जागा कमी. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला ६.००-१६ मापाचे, म्हणजे सहा इंची अरुंद टायर होते आणि ती जगभरच्या चिखलात फिरली. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने भारतात जुळवलेल्या जीपनेही तोच वारसा चालवला. तरीही हा नियम सरसकट लावता येणार नाही. चिखलाला तळ नसेल तर अरुंद चाक तळ शोधत खाली जाते आणि आसापर्यंत बुडते. तिथे रुंद टायर आणि कमी केलेली हवाच गाडीला वर धरते.

आजच्या पिकअपला याचा अर्थ असा. घाटावर, जिथे पांदणीच्या चिखलाखाली वीतभर अंतरावर मुरूम आहे, तिथे ७.०० आर १५ सारखा उंच आणि तुलनेने अरुंद टायर २१५/७५ आर १५ पेक्षा अधिक उपयोगी ठरावा. तो रिममध्ये बसतो का आणि त्याची भारक्षमता गाडीच्या कागदपत्रांशी जुळते का, हे आधी पाहावे. कापसाच्या आणि तुरीच्या ओळींजवळून जातानाही अरुंद चाक कमी पीक तुडवते. पूर्णाकाठी कोरड्या महिन्यांत दोन्ही टायर चालतील. आषाढ-श्रावणात मात्र तिथल्या शेतात भरलेली पिकअप घालूच नये, माल डांबरी सडकेपर्यंत ट्रॅक्टरने आणावा. आणि राज्याने २०२१ मध्ये सुरू केलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्ते करताना, गावाच्या नकाशावर मुरूम किती खोल लागतो याचीही नोंद ग्रामपंचायतीने करून ठेवावी. गावातल्या म्हाताऱ्या गाडीवानांना ती खोली वाटेवाटेनिशी माहीत आहे. त्यांना विचारायला आताच जायला हवे.