एआय एजंटसाठी डेटाबेस टूलचे वर्णन कसे लिहावे?

एआय एजंट म्हणजे दिलेले काम पूर्ण करण्यासाठी पुढची पायरी स्वतः ठरवणारी आणि गरजेप्रमाणे बाहेरची साधने वापरणारी संगणक प्रणाली. तिच्या मुळाशी भाषा मॉडेल असते. मॉडेलला एखाद्या दुकानाच्या डेटाबेसमध्ये आपोआप डोकावता येत नाही. त्यासाठी प्रोग्रामर त्याला ‘टूल’ जोडून देतात. टूलबरोबर साध्या भाषेत लिहिलेले एक वर्णन असते. एजंटचे उत्तर बरोबर येणार की चूक, हे अनेकदा या चार ओळींवर ठरते.

एजंटला नेमके काय दिसते?

ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलसाठी ‘फंक्शन कॉलिंग’ ही सोय आणली. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजेच एमसीपी हे खुले मानक जाहीर केले. दोन्हींमध्ये मॉडेलला प्रामुख्याने तीन गोष्टी कळतात: टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा तक्ता. टूलच्या आतला कोड मॉडेलसमोर येत नाही. नवा कर्मचारी अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंट मात्र बरेचदा न विचारता अंदाज बांधून पुढे जातो.

अंदाज कुठे चुकतो?

समजा, ऑनलाइन पुस्तके विकणाऱ्या एका दुकानाच्या टूलचे वर्णन एवढेच आहे: ‘ऑर्डरची माहिती आणते.’ मालकाने विचारले, ‘मार्चमध्ये किती रुपयांची विक्री झाली?’ एजंट नोंदी मागवतो, रकमांची बेरीज करतो आणि आकडा सांगतो. त्यात चार चुका दडलेल्या असू शकतात.

- एकक: रक्कम पैशांत साठवलेली असेल, तर ४५० रुपयांची ऑर्डर ४५००० अशी दिसते आणि उत्तर शंभर पट फुगते.
- सांकेतिक अंक: स्थितीच्या रकान्यात १, २, ३ असे अंक आहेत. ३ म्हणजे ‘रद्द’ हे कुठेच लिहिलेले नसल्याने रद्द झालेल्या ऑर्डरही विक्रीत धरल्या जातात.
- वेळ: नोंदी यूटीसी वेळेत असतील, तर ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. १ मार्चला पहाटे साडेपाचपूर्वी आलेल्या ऑर्डर फेब्रुवारीत जातात.
- मर्यादा: टूल एका वेळी फक्त १०० नोंदी देते. हे माहीत नसल्याने एजंट तेवढ्यांचीच बेरीज पूर्ण महिन्याची म्हणून सांगतो.

यातल्या एकाही ठिकाणी प्रोग्राम बंद पडत नाही की त्रुटीचा संदेश येत नाही. आकडा नीटनेटका दिसतो, म्हणून चूक लवकर पकडली जात नाही.

सुधारलेले वर्णन

त्याच टूलचे वर्णन असे लिहिता येईल: ‘दिलेल्या दोन तारखांमधील ऑर्डर देते. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, भारतीय वेळेनुसार द्याव्यात. दोन्ही तारखा धरल्या जातात. रक्कम पैशांत असते. स्थिती: १ नवी, २ पोहोचवलेली, ३ रद्द. एका वेळी जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात. आणखी असल्यास ‘पुढील पान’ क्रमांक मिळतो. एकूण विक्रीसाठी हे टूल वापरू नये. त्यासाठी ‘विक्री बेरीज’ टूल वापरावे.’

शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. टूल काय करते, याइतकेच ते कधी वापरू नये हेही सांगावे लागते. मिळतीजुळती दोन टूल असली की एजंटचा गोंधळ तिथेच होतो. तारखेचा नमुनाही द्यावा. ०३/०४/२०२५ ही भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च वाचली जाते. २०२५-०४-०३ लिहिले की संदिग्धता उरत नाही. काहीच सापडले नाही तर रिकामी यादी येते की त्रुटी, हेही लिहावे. नाहीतर ‘नोंद नाही’ आणि ‘शोध फसला’ यांतला फरक एजंटला कळत नाही.

वर्णन किती लांब असावे?

टूलची वर्णने मॉडेलला प्रश्नासोबतच वाचायला दिली जातात. ती जागा अडवतात आणि खर्चही वाढवतात. म्हणून डेटाबेसचा इतिहास किंवा टूलची स्तुती गाळावी आणि निर्णय बदलू शकेल तेवढेच ठेवावे. उत्तम कसोटी म्हणजे खरे प्रश्न विचारून पाहणे. एजंटने चुकीचे टूल निवडले किंवा चुकीची तारीख पाठवली, तर आधी वर्णन तपासावे.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे

‘या टूलने नोंदी पुसू नयेत’ असे लिहिणे ही सूचना झाली, बंदोबस्त नव्हे. एमसीपीमध्ये टूल केवळ वाचणारे आहे की बदल करणारे, हे दर्शवणाऱ्या खुणा आहेत. पण मानकानुसार त्या फक्त इशारावजा असतात. खरे संरक्षण डेटाबेसमध्येच हवे: एजंटच्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी आणि नोंद पुसण्याआधी माणसाची संमती घ्यावी. स्पष्ट वर्णनाने चुकीचा अंदाज टळतो. तरीही चूक झालीच, तर नुकसान परवानगीच्या मर्यादेमुळे आवरते.