मरुत आणि इंजिनाचा प्रश्न : कुर्ट टांक यांच्या दोन विमानांचे तुलनात्मक वाचन

विमानाचा इतिहास बहुधा अभिकल्पकाच्या नावाने लिहिला जातो. इंजिनाची निवड त्यात केवळ तांत्रिक तपशील म्हणून येते. कुर्ट टांक यांची दोन विमाने शेजारी ठेवली असता ही मांडणी अपुरी ठरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर डायम्लर-बेंझचे द्रवशीत इंजिन प्रामुख्याने मेसरश्मिट १०९ साठी राखले गेले होते. टांक यांनी ‘फोके-वुल्फ १९०’ साठी हवेने थंड होणारे इंजिन निवडले, त्याचे हे एक प्रमुख कारण. १९३९ मध्ये हे विमान बीएमडब्ल्यू १३९ वर उडाले. त्याजागी अधिक जड बीएमडब्ल्यू ८०१ येताच वैमानिकाची बैठक मागे सरकवावी लागली. फार उंचीवर त्याची शक्ती घटत असे. म्हणून १९४४ मध्ये द्रवशीत युमो २१३ आले. विमानाचे नाक लांबले आणि तोल साधण्यासाठी शेपटीकडे अर्ध्या मीटरचा जोड द्यावा लागला. इंजिनागणिक आराखडा बदलला. मात्र सर्व पर्याय जर्मन उद्योगाच्याच कक्षेतले होते.

१९५६ मध्ये बंगळूरला आलेल्या टांक यांना असा आधार नव्हता. ‘एचएफ-२४ मरुत’चे सारे गणित ब्रिटिश ऑर्फियस १२ या पश्चज्वलनयुक्त इंजिनावर उभे होते. ब्रिटनने त्याचा विकास सोडला आणि तो खर्च उचलण्यास दिल्ली तयार झाली नाही. जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी मरुत उडवले, ते कमी शक्तीच्या ऑर्फियस ७०३ च्या जोडीवर. इजिप्तच्या ई-३०० इंजिनाची १९६७ मध्ये मरुतवर चाचणी झाली. १९६९ मध्ये तो प्रकल्पही गुंडाळला गेला. जानेवारी १९७० मध्ये पश्चज्वलन बसवलेल्या प्रारूपाच्या अपघातात दास यांचा मृत्यू झाला. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मरुतने भूहल्ल्याची कामगिरी चोख बजावली. परंतु ज्या वेगासाठी ते आखले गेले, तो त्यास कधीच लाभला नाही.

वेदांतील वादळी देवगणाचे नाव मिरवणारे हे विमान दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात उभे आहे. त्यास ‘स्वदेशी’ म्हणताना कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. आराखडा टांक यांचा, बांधणी बंगळूरची. मर्यादा मात्र लंडन, कैरो आणि दिल्ली येथील निर्णयांनी आखल्या. ‘तेजस’ आजही अमेरिकी इंजिनावर उडते, हे पाहता हा प्रश्न केवळ संग्रहालयापुरता उरत नाही.