मांडवीकाठचा आदिलशाही वाडा

पणजीस मांडवीच्या तीरावर जुन्या सचिवालयाची इमारत आहे. उतरत्या कौलांची, ओळीने मांडलेल्या लाकडी खिडक्यांची ही वास्तू पाहताना हा मूळचा विजापूरकरांचा महाल, हे कोणास खरे वाटणार नाही. इ.स. १५००च्या सुमारास यूसुफ आदिलशहाने तो बांधला. उन्हाळ्यात राहण्याची जागा आणि नदीमुखावरचा पहारा, असे त्याचे दुहेरी प्रयोजन होते. ५५ तोफा आणि खाऱ्या पाण्याचा खंदक त्याच्या रक्षणास होता, असे सांगतात. १५१०च्या फेब्रुवारीत आल्बुकर्कने हा कोट घेतला, मे महिन्यात गोवे त्याच्या हातून गेले आणि २५ नोव्हेंबरला ते त्याने पुन्हा जिंकले.

येथे एक नवल घडले. देवळे आणि मशिदी पाडणाऱ्या जेत्यांनी या वाड्यावरचे पराजिताचे नाव पुसले नाही. त्यांच्या भाषेत तो ‘इदालकांवचा वाडा’च राहिला, इदालकांव म्हणजे आदिलखान. १६१५मध्ये वास्तूची पुनर्रचना झाली, पण नाव टिकले. लिस्बनहून येणारा व्हाइसरॉय जुन्या गोव्यात समारंभाने प्रवेश करण्यापूर्वी येथे उतरे. पुढे रोगराईने जुने गोवे ओस पडू लागले, तेव्हा १७५९मध्ये व्हाइसरॉयांनी आपले बिऱ्हाडच येथे हलविले. पणजीस राजधानी ठरविणारा हुकूम निघाला तो १८४३मध्ये. राज्यकर्ता आधी आला आणि राजधानी ८४ वर्षांनी मागाहून आली, असेच म्हणावयाचे! १९१८मध्ये गव्हर्नरांचे निवासस्थान काबोच्या टोकावर गेले आणि वाड्यात केवळ कचेऱ्या उरल्या.

मुलांना घेऊन मी तेथे जातो, तेव्हा ती तोफांविषयी विचारतात, खंदक कोठे होता हे विचारतात. विधानसभेविषयी मात्र कोणी विचारीत नाही, आणि याचा दोष मुलांचा नव्हे, आम्हां शिक्षकांचा आहे. आम्ही हा वाडा सुलतानांचा आणि व्हाइसरॉयांचा म्हणून शिकवितो. दाराच्या माथ्यावर व्हाइसरॉयांचे राजचिन्ह जाऊन अशोकचक्र आले, येथवर फार तर पोचतो आणि थांबतो.

वास्तविक १९६४पासून २०००पर्यंत लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी याच छपराखाली बसत होते. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, याची तकरार येथे झाली. तिचा निकाल मात्र १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाने लागला: संघप्रदेश राहावा म्हणून १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणास १,३८,१७०. १९८७च्या फेब्रुवारीत राजभाषा विधेयक संमत झाले तेही येथेच. कोकणी राजभाषा झाली. शासकीय कामकाजात मराठीचाही वापर करता येईल, अशी तरतूद त्यात राहिली. त्या तरतुदीने कोणाचेच पुरते समाधान झाले नाही. तथापि माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकास ५५ तोफांपेक्षा ते एक कलम अधिक जवळचे आहे.

२०००मध्ये विधानसभा पर्वरीस गेली. त्यानंतर या दालनांत कलाप्रदर्शने भरू लागली. गेल्या वेळी मुले एका चित्रापाशी रेंगाळली होती, तेव्हा मी त्यांना सांगितले की विधानसभा भरत असे ती याच वाड्यात. एका मुलीने विचारले, “मग सर, आपल्या गावचा आमदार कोठे बसायचा?” मला सांगता आले नाही.