पकड आणि टिकाऊपणा

ट्रॉम्ब्याला तेलशुद्धीचे दोन कारखाने १९५४ व १९५५ साली सुरू झाले, आणि १९५८ साली स्थापन झालेल्या सिएट कंपनीने जवळच भांडुपला टायरचा कारखाना काढला. हे शेजार आम्हांस सूचक वाटते; कारण टायरला बळकटी देणारी काजळी मुख्यतः खनिज तेलाच्या जड भागापासून होते.

गुडइयरने १८३९ साली गंधक व उष्णता यांच्या योगे रबर टिकाऊ केले, डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर केला, आणि १८९५ साली मिशेलिन बंधूंनी तो पॅरिस-बोर्दो शर्यतीत मोटारीला लावला. तेव्हा तो वारंवार फुटला. पुढे शर्यतींनीच एक धडा शिकवला: मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते, कठीण रबर पुष्कळ चालते, पण त्याची पकड कमी.

म्हणून वेगवान मोटारीचा टायर निवडताना त्याच्या आयुष्याचाच हिशेब करून भागत नाही. आमच्याकडे पाऊस चार महिने. खाचा झिजल्या की पाणी बाहेर पडत नाही आणि चाक पाण्यावर तरंगते. कायद्याने मोटारीच्या टायरला खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. न वापरलेले रबरही वयाने कडक होते. यासाठी टायरच्या बाजूवरील चार आकडे, म्हणजे निर्मितीचा आठवडा व वर्ष, वाचावेत. टायर किती वर्षे पुरेल, हे मागाहून. भर पावसात तो आपल्याला सावरील काय, हे आधी पाहावे.